बालकांतील यकृत प्रत्यारोपण : जगण्याचा आणि विलंबाचा इतिहास

यकृत प्रत्यारोपणाचा इतिहास सामान्यतः शल्यचिकित्सकांच्या पराक्रमाचा म्हणून लिहिला जातो. बालरुग्णांच्या बाबतीत तो तितकाच विलंबाचाही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मानवावरील पहिले यकृत प्रत्यारोपण केले. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. त्याच्या पित्तनलिका जन्मापासून बंद होत्या. रक्तस्राव न थांबल्याने तो शस्त्रक्रियेदरम्यानच दगावला. वस्तुतः याच व्याधीवर जपानमध्ये मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्येच वेगळी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती; परंतु जपानी भाषेत. इंग्रजीत ती १९६८ मध्ये आली. ज्ञानालाही प्रवासास वेळ लागतो तो असा.

१९८० नंतर सायक्लोस्पोरिन या औषधाने वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावरून दुपटीवर नेले. मग प्रश्न उरला आकाराचा, कारण प्रौढाचे यकृत बाळाच्या पोटात मावत नसे. १९८९ मध्ये ब्रिस्बेन येथे आईच्या यकृताचा तुकडा बाळाला यशस्वीपणे बसविण्यात आला.

भारतात १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला, तो गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून. म्हणजे कायदा प्रथम आपल्याकडे आला. बालकावरील पहिले यशस्वी प्रत्यारोपण मात्र नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत झाले. वीस महिन्यांचे ते बाळ तामिळनाडूतील होते आणि दाता त्याचे वडील. नागपुरात यकृत प्रत्यारोपण सुरू होण्यास २०१८ साल उजाडले.

आज चांगल्या केंद्रांत दहांपैकी नऊ बालके पहिले वर्ष पार करतात. जी दगावतात त्यांच्यात बारीक रोहिणीत गुठळी होणे, जंतुसंसर्ग व कुपोषण ही कारणे वारंवार दिसतात. यांपैकी कुपोषण शस्त्रक्रियागृहात निर्माण होत नाही. कासाई शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाल्यास लाभाची शक्यता अधिक असते. पण विदर्भातील खेड्यांत तान्ह्याची कावीळ कोवळ्या उन्हाने जाईल म्हणून वाट पाहिली जाते, कावीळ ‘उतरविली’ जाते. बाळाची शी पांढरट होते, याकडे कोणी लक्ष वेधून देत नाही. बाळ मोठ्या केंद्रात पोहोचते तेव्हा पोट फुगलेले आणि हातपाय काटकुळे झालेले असतात.

शस्त्रक्रियेनंतरही औषधे बहुतेकांना आयुष्यभर घ्यावी लागतात आणि रक्तातील त्यांची पातळी तपासत राहावी लागते. बालपणी आई वेळ सांभाळते. किशोरवयात मुले गोळ्या चुकवू लागतात. अनेक वर्षे उत्तम चाललेले यकृत त्या वयात गमावल्याची उदाहरणे जगभरच्या केंद्रांत आढळतात.