पैठणचे ऋतू

पैठणला एकदाही गेला नाही असा परतूरचा माणूस ह्या सभेत सापडणे अवघड. कोणी नाथषष्ठीला गेला असेल, कोणी वडिलांच्या अस्थी घेऊन, तर कोणी मुलांना धरण आणि बाग दाखवावी म्हणून. पण बहुतेकांचे जाणे एकदाच, आणि तेही ठरलेल्या एका ऋतूत. षष्ठीला गेलेला म्हणतो, पैठण म्हणजे गर्दी. वैशाखात गेलेला म्हणतो, पैठण म्हणजे धूळ आणि लोटलेली दारे. श्रावणात गेलेला तर नदीखेरीज दुसरे काही सांगतच नाही. तिघेही खरेच बोलतात. आम्ही स्वतः अंबड-पाचोड करीत निरनिराळ्या महिन्यांत पैठणास गेलो, ते काही अमुक एक हेतू मनात धरून नव्हे. पुढे मात्र ध्यानात आले की, ह्या गावाचा जो इतिहास आपण सनावळीच्या क्रमाने वाचतो, तो पुष्कळसा ऋतूंच्या तंत्राने घडलेला आहे. आणि ज्या ऋतूत एखादी गोष्ट घडली त्या ऋतूत तेथे उभे राहिल्याखेरीज ती नीट उमगत नाही.

प्रारंभ फाल्गुनापासून करू. कारण पैठणचे वर्ष पंचांगात चैत्रात सुरू होत असले तरी गावात ते षष्ठीलाच सुरू होते. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथमहाराजांनी गोदावरीकाठी देह ठेवला. तेव्हापासून ती तिथी गावाने सोडलेली नाही. गावातल्या वाड्यात नाथांच्या घरचा रांजण आहे. श्रीखंड्याने कावडीने पाणी आणून तो भरला, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली. अजूनही षष्ठीच्या आधी लोक नदीचे पाणी आणून तो भरतात. अष्टमीला काल्याची हंडी फुटते आणि यात्रा पांगते. दिंड्यांच्या पताका, रस्त्यावर मांडलेली भांडी, रात्रभर चालणारी कीर्तने, हे सर्व आपण पाहिलेले आहे. त्याचे वर्णन करीत बसत नाही. मात्र ज्याला पैठण गाव पाहावयाचे आहे त्याने नवमीस जावे. गाव तेव्हा कामकरी बाईसारखे कमरेवर हात देऊन उभे असते आणि बोलायला मोकळे असते.

ह्याच दिवसांत नदीकाठी उभे राहून पलीकडच्या मुंगी गावाकडे पाहावे. इ. स. १७२८ च्या फेब्रुवारी महिन्यात थोरल्या बाजीरावाने निजामुल्मुल्काला वैजापूरजवळच्या पालखेडास कोंडले. तोफा निजामाच्या भारी होत्या, पण पाणी आणि चारा मराठ्यांनी तोडला होता. त्यानंतर ६ मार्च १७२८ रोजी जो तह झाला तो मुंगी-शेवगावचा. पालखेडच्या लढाईचे नकाशे आम्ही पुस्तकांत पाहिले होते. तरी पाणी तोडणे म्हणजे काय, हे फाल्गुनाच्या अखेरीस वैजापूरकडच्या रानात दुपारी दोन कोस चाललो तेव्हाच समजले. ओढे कोरडे, विहिरी खोल, आणि सावली म्हणावी तर बाभळीची. माणसे व जनावरे पाळणाऱ्या फौजेला तोफांपेक्षा डोहाची किंमत त्या महिन्यात अधिक.

वैशाखात पैठणला कोणी मुद्दाम जात नाही. आम्ही गेलो तो एका लग्नाच्या निमित्ताने, आणि दुपारी वऱ्हाडाचा डोळा लागलेला पाहून वाळवंटात उतरलो. नाथांची ती गोष्ट सर्वांस ठाऊक आहे: भर दुपारी तापलेल्या वाळूत चुकलेले अस्पृश्याचे पोर रडत होते, आणि स्नानाहून परतणाऱ्या नाथांनी ते कडेवर उचलून त्याच्या घरी पोचविले. ही गोष्ट समतेचा धडा म्हणून आम्ही अनेकदा ऐकली होती, क्वचित सांगितलीही होती. पण चपला हातात घेऊन त्या वाळूत वीस पावले टाकली आणि एकविसावे टाकवेना. गोष्टीतले मूल कसे रडले असेल ते तेव्हा कळले. त्या वेळी काठावरची इतर माणसे काय करीत असतील, हा प्रश्नही तेथेच सुचला. सभागृहात तो कधी सुचला नव्हता.

आता पावसाळा. पैठणचा खरा ऋतू हाच, आणि आमच्या मते इतिहासाच्या अभ्यासकाने एकदा तरी गाठावा असाही हाच. इ. स. १७६३ चा श्रावण घ्या. निजामअली औरंगाबादकडे परतत होता. पैठणच्या खालच्या अंगाला राक्षसभुवनापाशी गोदावरी ओलांडण्याचे काम चालले होते. आपल्या जिल्ह्यातल्या शहागडपासून ती जागा फार दूर नाही. निजामअली आणि फौजेचा मोठा भाग उत्तर तीरावर उतरला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर राहिला. गोदावरी फुगलेली होती. १० ऑगस्ट रोजी माधवराव पेशवे व राघोबादादा ह्यांनी त्या मागे राहिलेल्या फौजेवर हल्ला केला. विठ्ठल सुंदर पडला आणि पलीकडच्या तीरावरून निजामअलीला आपल्या सैन्याची वाताहत पाहण्याखेरीज काही करता आले नाही. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी मिळालेला हा विजय तरुण माधवरावाच्या पराक्रमाचा खरा. पण गोदावरीचाही त्यात वाटा होता. वैशाखात हीच लढाई झाली असती तर निजामाचे घोडेस्वार गुडघाभर पाण्यातून तासाभरात मदतीला आले असते.

आम्ही हे पैठणच्या घाटावर एका म्हाताऱ्या नावाड्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, "तेव्हाची नदी आपल्या मनानं फुगायची, मालक. आता दार उघडलं की फुगते."

त्याचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, सत्तावीस दरवाजे, आणि मागे नाथसागर. तेव्हापासून पैठणच्या नदीचे ऋतू दरवाजांच्या हाती गेले. षष्ठीच्या स्नानाला पाणी हवे तर ते धरणातून सोडावे लागते. ऑगस्ट २००६ मध्ये वरून येणारा लोंढा मावेना तेव्हा दरवाजे उघडावे लागले आणि गोदावरी पैठण गावात शिरली. ज्या घाटावर, परंपरेप्रमाणे, ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदविले, तो नागघाटही ह्याच पाण्याच्या काठी.

पुराचे पाणी कोठवर चढले, ह्याच्या खुणा आम्ही गावात शोधल्या. लोकांनी भिंतीवर बोट ठेवून दाखविले. दगडात कोरलेली खूण मात्र आमच्या दृष्टीस पडली नाही. येथे एका दूरच्या गावाची आठवण होते. डेन्मार्क देशात रीबे नावाचे, त्या देशातले सर्वांत जुने म्हणून मानले जाणारे गाव आहे. तेही नदीकाठचे, पैठणसारखेच एके काळी व्यापाराने भरभराटलेले आणि मग मागे पडलेले. तेथे बंदरापाशी एक खांब उभा आहे. समुद्राचे पाणी वादळात जितके जितके चढले त्याच्या खुणा सनांसह त्यावर लावल्या आहेत. सर्वांत वरची खूण १६३४ सालची. उन्हाळ्यात हिंडायला आलेला पाहुणा आपल्या डोक्याच्या कितीतरी वर ती खूण पाहतो आणि न पाहिलेला ऋतू त्याला एका क्षणात दिसतो. असा एक खांब पैठणच्या घाटावर उभा करण्यास फार खर्च येईल असे आम्हांस वाटत नाही. पूर पाहिलेली माणसे आहेत तोवर तो उभा राहावा. भिंतीवर ठेवलेले बोट चिरकाल राहत नाही.

हिवाळ्याबद्दल थोडेच. मार्गशीर्षात पहाटे नाथसागराच्या काठी जावे. धुके विरळ झाले की चक्रवाक आणि हिमालयापलीकडून आलेले पट्टकादंब पाण्यावर दिसू लागतात. १९८६ पासून हा जलाशय पक्ष्यांचे अभयारण्य आहे. पण आमचे मन अशा वेळी गाड्यांकडे धावते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकी पुस्तकात 'पैठण' हे नाव आले आहे: भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर ते असून तेथून अकीकासारखे दगड गाड्यांनी भडोचला येतात, असे ते सांगते. मिसरची जहाजे नैऋत्येच्या वाऱ्यावर भडोचला येत आणि हिवाळ्यात वारा फिरला की परत जात. आपल्या काळ्या रानातून पावसाळ्यात गाडी चालत नाही, हे येथे बसलेल्या शेतकऱ्यांना आम्ही सांगावयास नको. तेव्हा पैठणचा माल दसऱ्यानंतर, चिखल वाळल्यावरच निघत असला पाहिजे. सातवाहनांची राजधानी वैभवाला चढली ती ह्या चार कोरड्या महिन्यांच्या जोरावर, असा आमचा तर्क आहे. त्याच राजकुलातल्या हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत गोदावरी 'गोला' म्हणून वारंवार येते. तीत राजवाडे थोडे. शेते, पाऊस, उन्हाळ्याची दुपार, परगावी गेलेले नवरे आणि वाट पाहणाऱ्या बायकाच फार. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची मोठी मराठी आवृत्ती सिद्ध केली. ज्यांना मिळेल त्यांनी ती पैठणला जाताना बरोबर ठेवावी.

परतूरकरांचा ह्या गावाशी संबंध केवळ यात्रेचा नाही. आपल्या घरी पूजेचा संकल्प सोडताना भटजी 'शालिवाहन शके' म्हणतात. तो शक विद्वानांच्या मते शक राजांचा असला, तरी त्याला चिकटलेले नाव पैठणच्या राजाचे आहे. लगेच 'गोदावर्याः उत्तरे तीरे' म्हणतात. तेच आपले ठिकाण. आणि नाथसागराचा डावा कालवा जालना-परभणी जिल्ह्यांतली जमीन भिजवीत जातो. त्या सागरासाठी शंभराहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. जलाशय उन्हाळ्यात आटला की त्या बाजूची माणसे काठावर येऊन, आपले शेत कोठे होते ते मुलांना दाखवितात. आम्ही असे एक कुटुंब पाहिले. बापाने हात लांब करून दाखविले, पोराने तिकडे पाहिले आणि विचारले, "विहीर कुठं होती?" बापाला ती नक्की सांगता येईना. तो बराच वेळ दोन दगडांच्या मधली जागा पायाने चाचपीत राहिला.

आमचा एक ऋतू अजून राहिला आहे. ज्येष्ठ वद्यात नाथांची पालखी पैठणहून पंढरीस निघते, तेव्हा मृग लागलेला असतो आणि पेरणीची घाई असते. दरवर्षी ह्या ना त्या कारणाने आमचे जाणे हुकले. ह्या वर्षी पाऊस वेळेवर आला तर पेरणी उरकून, आणि न आला तर तशीच ठेवून, आम्ही निघणार आहोत.