साबणाच्या खोक्यांची शर्यत

आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी बेअरिंगची गाडी पाहिली असेल, काहींनी चालवलीही असेल. गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या बॉल-बेअरिंगची चाकं, वर एक फळी, वळवायला पुढे आडवी पट्टी आणि सुतळी. एकाने बसायचं, दुसऱ्याने ढकलायचं. आवाज असा की आळीतल्या आजोबांची दुपारची झोप मोडलीच म्हणून समजा. आपल्याकडे हा खेळ गल्लीतच राहिला आणि गल्लीतच संपला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मात्र अशाच गाड्यांची वार्षिक शर्यत सुरू झाली, ती नव्वद वर्षांनंतरही चालू आहे. स्मरणिकेत मुलांसाठीही काही असावं असं संपादक मंडळाचं म्हणणं पडलं, म्हणून हा इतिहास लिहितो आहे. अर्थात वाचणार त्यांचे आईवडीलच, आणि ते बरंच आहे. का, ते पुढे कळेल.

साल १९३३. अमेरिकेत महामंदी चालू होती. त्याच वर्षी मार्चमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातल्या साऱ्या बँका काही दिवस चक्क बंद ठेवल्या होत्या. आमच्या व्यवसायातल्या माणसाला त्या नुसत्या कल्पनेनेही घाम फुटतो. बापांच्या हाताला काम नव्हतं, मग मुलांना खेळणी कुठून मिळणार? पण मुलं कधी अडून राहत नाहीत. साबणाची आणि संत्र्यांची रिकामी लाकडी खोकी, पत्र्याचे तुकडे आणि बाबागाडीची जुनी चाकं जोडून त्यांनी गाड्या केल्या. इंजिन नाही, पेडल नाही. उतारावर न्यायची, बसायचं आणि सोडून द्यायची. म्हणून नाव पडलं ‘सोप बॉक्स’.

डेटन हे राइट बंधूंचं गाव. ‘डेटन डेली न्यूज’ या तिथल्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार मायरन स्कॉट याला जूनमध्ये उतारावर अशा गाड्या पळवणारी तीन मुलं दिसली. त्याने त्यांना सांगितलं, पुढच्या आठवड्यात मित्रांना घेऊन या, बक्षीस देतो. एकोणीस मुलं आली. वर्तमानपत्रवाल्याला बातमीचा वास येतोच. त्याने मालकांच्या मागे लागून १९ ऑगस्टला मोठी शर्यत ठरवली. ३६२ मुलं उतरली आणि बघायला सुमारे चाळीस हजार माणूस लोटला. फुकट करमणूक आणि स्वतःच्या पोरांचं कौतुक! त्या दिवसांत लोकांना याहून जास्त काय हवं होतं?

या शर्यतीतली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रँडल कस्टर हा मुलगा तीनचाकी गाडी घेऊन पहिला आला. दुसऱ्या आलेल्या स्पर्धकाने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि लोक बघतच राहिले. ती मुलगी होती! ॲलिस जॉन्सन तिचं नाव, वडील वैमानिक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आयोजकांनी काय करावं? शर्यत राष्ट्रीय झाल्यावर नियम आला, फक्त मुलग्यांसाठी. हा नियम १९७१ पर्यंत टिकला. पहिल्याच वर्षी दुसरा नंबर काढून दाखवला, तरी दार उघडायला अडतीस वर्षं लागली.

१९३४ मध्ये शेव्हरोले या मोटार कंपनीने खर्च उचलला आणि देशभरातल्या शहरांचे विजेते डेटनला अंतिम फेरीसाठी जमले. जिंकला मन्सी गावचा रॉबर्ट टर्नर. त्याची गाडी कुठल्या लाकडाची होती म्हणाल? एका दारूच्या गुत्त्यातल्या काउंटरची! पुढच्या वर्षी शर्यत ॲक्रन शहरात गेली, कारण तिथे उतार चांगले होते. ॲक्रन म्हणजे रबराची राजधानी. गुडइयर आणि फायरस्टोन तिथलेच. त्या वर्षी एक गाडी रस्ता सोडून थेट ग्रॅहम मॅकनामी या नामांकित रेडिओ समालोचकावर जाऊन आदळली. शर्यत ऐकायला बसलेल्या साऱ्या देशात त्याची चर्चा झाली. १९३६ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून ‘डर्बी डाउन्स’ हा कायमचा उतार बांधला गेला. मंदीतल्या बेकारांना काम आणि मुलांना मैदान. आपल्याकडची रोजगार हमीची कामं आठवा. लांबी साधारण हजार फूट. गाडी अर्ध्या मिनिटाच्या आसपास खाली पोचते.

महायुद्धाची चार वर्षं शर्यत बंद राहिली, मग पुन्हा सुरू झाली. तिची लोकप्रियता किती? १९४७ साली जिमी स्टुअर्ट या सिनेनटाने ब्रॉडवेवरच्या आपल्या नाटकाचा खेळ बंद ठेवला आणि तो ॲक्रनला आला. मायरन स्कॉट पुढे शेव्हरोलेतच नोकरीला लागला. १९५३ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध ‘कॉर्व्हेट’ गाडीचं नाव त्यानेच सुचवलेलं.

आता बक्षिसं मोठी झाली, महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळू लागली, आणि इथेच माशी शिंकली. गाडी मुलाने स्वतः बनवायची, हा मूळ नियम. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाची गाडी विमानासारखी गुळगुळीत दिसायला लागली, तर ती कोणी घासली हे विचारायला नको. आपल्याकडच्या चित्रकला स्पर्धेत पहिलीतल्या मुलाच्या डोंगरावर उत्तम छायाप्रकाश दिसला की परीक्षक काय समजायचं ते समजतात, तसंच.

१९७२ मध्ये शेव्हरोलेने अंग काढून घेतलं. १९७३ मध्ये कोलोरॅडोतला एक चौदा वर्षांचा मुलगा जिंकला. आदल्या वर्षी त्याचाच आतेमामेभावंडांपैकी एक जिंकला होता. लोकांना शंका आली, कारण याची गाडी सुटता क्षणीच पुढे जायची. सुरुवातीला गाड्यांची नाकं लोखंडी पट्ट्यांना टेकलेली असतात. पट्ट्या खाली पडल्या की गाड्या सुटतात. अधिकाऱ्यांनी गाडीचा चक्क एक्स-रे काढला. नाकात विद्युतचुंबक निघाला, बॅटरीही सापडली. मुलाने डोकं मागे टेकवलं की बटण दाबलं जायचं, चुंबक पडणाऱ्या लोखंडी पट्टीकडे ओढ घ्यायचा आणि गाडीला किंचित झटका मिळायचा. तेवढा पुरे.

विजेतेपद गेलं, साडेसात हजार डॉलरची शिष्यवृत्ती गेली. चौकशीत निघालं की यामागे मुलाचे मामा होते, स्वतः अभियंता आणि कारखानदार. त्यांचं म्हणणं असं की सगळेच फसवतात, मुलं एकटी गाड्या बनवत नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे. यातलं दुसरं वाक्य बरंचसं खरं होतं. पण मी नोकरीत असताना खात्यात गडबड करणाऱ्या माणसाकडून पहिलं वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं मला काही वाटेनासं झालं आहे. मला वाईट वाटतं ते त्या मुलाचं. बटण त्याच्या डोक्यामागे होतं, पण बसवण्याची कल्पना घरातल्या मोठ्या माणसाची. आणि वर्तमानपत्रांत नाव छापून आलं ते मुलाचं.

आता शर्यत बंद पडणार असंच अनेकांना वाटलं. तसं झालं नाही. स्थानिक मंडळींनी ती चालू ठेवली, आणि १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनियाची कॅरन स्टेड ही अकरा वर्षांची मुलगी पहिली आली. पाण्याच्या फुग्यांच्या मारामारीत हात दुखावलेला, म्हणून प्लास्टर घातलेल्या हातानेच तिने गाडी हाकली.

त्यानंतर हळूहळू व्यवस्थाच बदलली. गाडीचे तयार सुटे भाग ॲक्रनहूनच सगळ्यांना सारखे मिळू लागले, मुलांनी ते जोडायचे. त्यामुळे गुत्त्याच्या लाकडाची गंमत गेली, हे कबूल करायला हवं. गाडी आणि चालक यांचं मिळून वजन ठरलेलं. मूल हलकं असेल तर वजनं ठेवून भरून काढायचं. मला सर्वांत आवडलेला नियम गावोगावच्या पहिल्या फेऱ्यांतला. दोन गाड्या एकदा खाली येतात, किती सेकंदांचा फरक पडला ते लिहून ठेवतात. मग दोघांची चाकं काढून एकमेकांच्या गाडीला बसवतात, मार्गिकाही बदलतात आणि पुन्हा सोडतात. दोन्ही वेळचा फरक एकत्र धरून निकाल लागतो. चांगली चाकं मिळाली म्हणून मी हरलो, असं म्हणायला कोणाला जागाच उरत नाही. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासायची, त्यामागेही थोडाफार हाच विचार असतो.

सात ते वीस वर्षांची मुलं-मुली आता एकाच उतारावर, एकत्र शर्यत करतात. खाली पोचल्यावर गाडी पुन्हा वर न्यावीच लागते.