मायक्रोफोन लांब सरकला तेव्हा

१९६६ साल. लंडनच्या डेक्का स्टुडिओत जॉन मेयॉलच्या बँडचं रेकॉर्डिंग होतं. विशीतला एरिक क्लॅप्टन अडून बसला: मार्शल ॲम्प्लिफायर कार्यक्रमात असतो तेवढाच मोठा ठेवणार, आणि मायक्रोफोन त्याला चिकटवायचा नाही.

स्टुडिओची शिस्त नेमकी उलटी. आवाज वाढला की सूर फाटतो, शेजारच्या वाद्यांच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो. ध्वनिमुद्रक गस डजन यांची काळजी रास्तच होती. पण क्लॅप्टनला तो फाटलेला सूरच हवा होता!

अखेर त्याचं ऐकलं गेलं. मायक्रोफोन लांब गेल्यानं खोलीचा घुमारही टेपवर उतरला.

फौजेत आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, नियम मोडण्याआधी तो कशासाठी केला ते विचारावं. इथे ते कारणच उरलं नव्हतं.