कोडतपासणीचा मागोवा : किंग्स्टनपासून कलबुर्गीपर्यंत

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातली मुलं अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुणे, हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होतात, तेव्हा सुरुवातीलाच त्यांची गाठ एका रिवाजाशी पडते. लिहिलेला कोड लगेच स्वीकारला जात नाही. आधी एखादा सहकारी तो ओळीओळीने वाचतो, शंका काढतो, बदल सुचवतो आणि त्याने मान्यता दिल्यावरच तो मुख्य प्रकल्पात मिसळतो. याला सगळे ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. पहिला रिव्ह्यू नवख्यांच्या मनाला लागतो. आपल्या कामावर शेऱ्यांची रांग पाहून आपल्याला काहीच येत नाही, असं वाटू लागतं. खरी उणीव असते ती सवयीची. चार वर्षांत त्यांनी पुष्कळ प्रोग्रॅम लिहिलेले असतात, पण त्यांतला एखादा कोणी सावकाश वाचून त्यावर त्यांच्याशी बोललंय, असं फार क्वचित घडलेलं असतं.

ही तपासणी आली कुठून, तिचा उपयोग कोणी आणि कसा पारखला, आणि ती आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या लॅबच्या दाराशी येऊन का थांबली, हे शोधायला हवं.

तपासणीचा उगम टंचाईत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशात घडवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आला. त्या काळी जगभर संगणकाचा वेळ सोन्याच्या भावाचा होता. कार्डांवर भोकं पाडून प्रोग्रॅम द्यायचा आणि पाळी येईपर्यंत थांबायचं. एखादं चिन्ह चुकलं, तर पुन्हा रांग. त्यामुळे कार्डं देण्याआधी लोक टेबलावर कागद घेऊन बसत, प्रत्येक ओळ हाताने चालवून बघत, शेजाऱ्यालाही दाखवत. पुढे टर्मिनल आले, संगणक स्वस्त झाले आणि ही सक्ती संपली. ‘चालवून तर बघू’ ही वृत्ती रुळली. वाचण्याची सवय टिकवायची, तर आता तिला दुसरं कारण द्यावं लागणार होतं.

ते कारण संकटातून आलं. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. मोठ्या प्रणाली वेळेत पूर्ण होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि तयार झालेल्या प्रणालीवर विश्वास ठेवता येत नाही, ही तिथली मुख्य चिंता होती. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव याच परिषदेमुळे जगभर गेलं. तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, जेराल्ड वाइनबर्ग यांनी प्रोग्रॅमरच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यांचं निदान असं, की माणूस आपल्या कोडला आपलाच भाग समजतो, म्हणून त्यातली चूक त्याला दिसत नाही. पुस्तकात बिल नावाच्या एका प्रोग्रॅमरची हकिगत आहे. त्याने आपला कोड मॅरिलिन या सहकारी महिलेला वाचायला दिला. तिने अवघ्या १३ विधानांत १७ चुका काढल्या. रागावण्याऐवजी बिलला त्याची मौज वाटली आणि त्याने ती गोष्ट इतरांनाही सांगितली. मोकळेपणाने चूक दाखवणं आणि तितक्याच मोकळेपणाने ती ऐकणं, हा या रिवाजाचा पाया इथे घातला गेला.

त्याला शिस्त दिली मायकल फेगन यांनी. न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टन इथे ते आयबीएममध्ये होते आणि उत्पादनातल्या गुणवत्ता नियंत्रणाचा अनुभव गाठीशी घेऊन सॉफ्टवेअरकडे आले होते. १९७६ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात त्यांनी आपली पद्धत मांडली. चार जण बसायचे : सूत्रधार, आराखडा करणारा, कोड लिहिणारा आणि चाचणी करणारा. सगळ्यांनी आधी वाचून यायचं. बैठक दोन तासांहून लांबवायची नाही. बैठकीत दोष नोंदवायचे, ते दुरुस्त कसे करायचे याची चर्चा तिथे करायची नाही. एका प्रकल्पात या पद्धतीने तपासलेल्या कोडमध्ये, साध्या वाचनबैठकीतून गेलेल्या कोडच्या तुलनेत, पुढच्या सात महिन्यांत ३८ टक्के कमी दोष सापडले, असं त्यांनी नोंदवलं. त्यांचा आणखी एक आग्रह शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. या नोंदींवरून कोणाचं मूल्यमापन करायचं नाही. चुकीची शिक्षा होणार असेल, तर माणूस चूक दाखवत नाही, लपवतो.

फेगन यांचे आकडे त्यांच्याच कंपनीतले होते. बाहेरून पडताळणी केली व्हिक्टर बॅसिली आणि रिचर्ड सेल्बी यांनी. मेरीलँड विद्यापीठ आणि नासाचं गोडार्ड केंद्र यांची सॉफ्टवेअर प्रयोगशाळा १९७६ पासून प्रत्यक्ष कामावर प्रयोग करत होती. त्या परंपरेतला या दोघांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३२ व्यावसायिक प्रोग्रॅमर आणि ४२ प्रगत विद्यार्थी होते. दोष शोधण्याच्या तीन पद्धतींची तुलना केली : नुसतं वाचणं, बाहेरून चाचणी करणं आणि आतली रचना बघून चाचणी करणं. व्यावसायिकांनी सर्वाधिक दोष शोधले ते वाचून. विद्यार्थ्यांमध्ये मात्र वाचनाची अशी स्पष्ट आघाडी दिसली नाही. माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. कोड वाचणं आपोआप येत नाही. ते शिकावं लागतं, म्हणजेच कोणीतरी शिकवावंही लागतं.

संशोधनाने फेगनच्या पद्धतीलाही सोडलं नाही. १९९३ मध्ये एटी अँड टीच्या बेल लॅब्जमधल्या लॉरेन्स वोटा यांनी विचारलं, की तपासणीसाठी सगळ्यांना एका खोलीत बसवायलाच हवं का? त्यांना असं आढळलं, की बहुतेक दोष एकट्याने केलेल्या वाचनातच सापडतात, बैठकीत नव्याने सापडणारे फार थोडे. बैठकीला माणसं गोळा करण्यात मात्र दिवस जातात. या निष्कर्षाने पुढची वाट मोकळी झाली.

भारतात ही परंपरा दोन वाटांनी आली आणि दोन्ही वाटा पुण्यातून निघाल्या. १९८१ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टीसीएसने पुण्यात टाटा संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र सुरू केलं. झुरिकमध्ये पास्कल भाषेच्या कंपायलरवर काम केलेले केशव नोरी तिथे आले. केंद्राने कोड तयार करणारी आणि कोड तपासणारी साधनं घडवली. माणसाच्या नजरेआधी यंत्राची चाळणी लावण्याचं हे काम होतं. त्याच वर्षी, त्याच शहरात इन्फोसिसची नोंदणी झाली. ती कंपनी १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली. १९९० च्या दशकात परदेशी ग्राहकांचा विश्वास मिळवण्यासाठी भारतीय कंपन्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेची क्षमता-पातळ्यांची चौकट स्वीकारली. सहकाऱ्याकडून तपासणी ही त्या चौकटीत तिसऱ्या पातळीची अट होती. इन्फोसिसमध्ये काम केलेले प्राध्यापक पंकज जलोटे यांनी हा अनुभव पुस्तकात आणला. अशा रीतीने किंग्स्टनची बैठक भारतीय कंपनीच्या नियमपुस्तिकेत गेली.

तिचं आजचं रूप पडद्यावरचं आहे. २००५ मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आलं, २००८ मध्ये ते काम वेबवर आणणारं गिटहब. बदल पाठवायचा, दुसऱ्याने सवडीने वाचून त्याच ओळीखाली शेरा लिहायचा. २०१३ मध्ये अल्बर्टो बाकेल्ली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधले रिव्ह्यू अभ्यासले. दोष सापडावेत म्हणून आम्ही रिव्ह्यू करतो, असं लोक सांगत होते. प्रत्यक्षात हाती लागत होती ती जाणकारी : एकाचं ज्ञान दुसऱ्याला मिळत होतं, वेगळे उपाय सुचत होते, कोण काय करतंय हे सगळ्यांना कळत होतं. २०१८ मध्ये गुगलवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुगलने हा रिवाज सुरू केला, तो दुसऱ्याला समजेल असा कोड लिहिला जावा म्हणून. तिथे बदलाचा मध्यक आकार जेमतेम २४ ओळींचा होता आणि बहुतेक बदलांना एकच वाचक पुरत होता.

म्हणजे पन्नास वर्षांत हेतू सरकत गेला. संगणकाचा वेळ वाचवणं, मग दोष पकडणं आणि शेवटी एकमेकांना शिकवणं. कंपनी जिथे पोहोचली, ते काम मुळात कॉलेजचं आहे.

शिक्षणाच्या संशोधनातही हेच दिसतं. २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम संपवलेल्या कितीतरी मुलांना दुसऱ्याचा छोटा प्रोग्रॅम वाचून त्याचं उत्तर काय येईल, हे नीट सांगता येत नाही. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात क्रिस्टोफर हंडहाउसन यांनी फेगनची बैठक सोपी करून पहिल्या वर्षाच्या वर्गात आणली. आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात ‘आधी स्वतः विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग वर्गासमोर मांडणी’ हा क्रम वापरला. सरासरी ८३ टक्के मुलं गुंतलेली राहिली, असा निष्कर्ष त्यांनी २०१३ मध्ये मांडला. त्याच संस्थेत योगेंद्र पाल आणि अय्यर यांनी देशी भाषांच्या माध्यमातून आलेल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकताना माध्यमाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न हाती घेतला. आमच्या भागासाठी याहून जवळचा प्रश्न नाही.

इथली पार्श्वभूमी अशी. १९५६ च्या पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले आणि बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण त्या वेळच्या म्हैसूर राज्यात. १९५८ मध्ये हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्थेने गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. तेच पुढे पूज्य दोड्डप्पा अप्पा यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. १९८० मध्ये बिदरला गुरुनानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८२ मध्ये भालकीचं महाविद्यालय आलं. १९९८ मध्ये बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्याचा अभ्यासक्रम एका छताखाली आला. त्याच्या २०१८ च्या आराखड्यात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय तिसऱ्या सत्रात होता आणि इयान सॉमरव्हिल यांचं पुस्तक नेमलेलं होतं. तपासणीचा भाग यायचा शेवटच्या मॉड्यूलमध्ये. परीक्षेत त्यावर ‘टिपा लिहा’ असा प्रश्न पडायचा आणि मुलं फेगनच्या बैठकीतल्या भूमिका पाठ करून लिहून यायची.

लॅबमध्ये मात्र वेगळं चालतं. मॅन्युअलमधला प्रोग्रॅम उतरवायचा, आउटपुट दाखवायचं, रेकॉर्डवर सही घ्यायची. व्हायवाला दोन प्रश्न आणि संपलं. एका बॅचला मुलं जास्त, वेळ तीन तास, शिक्षकांवर कागदपत्रांचं ओझं. अशात प्रत्येकाचा कोड एका शिक्षकाने वाचणं अशक्यच आहे. म्हणूनच हे काम मुलांनी एकमेकांसाठी करायला हवं.

दर लॅबमध्ये गिरवल्या जाणाऱ्या बायनरी सर्चचंच, म्हणजे क्रमाने लावलेली यादी अर्धी अर्धी करत शोधण्याच्या पद्धतीचंच, उदाहरण घ्या. मधली जागा काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायचं. हीच ओळ जावाच्या अधिकृत ग्रंथालयात सुमारे नऊ वर्षं होती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं, की यादी फार मोठी असेल तर ती बेरीज साठवणीच्या मर्यादेपलीकडे जाते आणि प्रोग्रॅम कोसळतो. त्या कोडवरून अनेक जाणत्यांची नजर फिरलेली होती. ‘ही संख्या फार मोठी झाली तर?’ हा प्रश्न मात्र कोणीतरी विचारावा लागतो आणि तो विचारायची सवय पहिल्या वर्षात लागते.

आमच्या वर्गात मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू बोलणारी मुलं शेजारी बसतात. कोड इंग्रजी चिन्हांत असतो, पण ‘इथे शून्य आलं तर काय होईल?’ हे विचारायला इंग्रजी लागत नाही. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी आणि कन्नडसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची मुभा दिली. पूर्ण पदवी त्या भाषांत होईल तेव्हा होईल. तपासणीची चर्चा आजच आपल्या भाषांत करता येते. आता तर मागितला की यंत्र कोड लिहून देतं. तो बरोबर आहे की नाही, हे वाचून ठरवणाऱ्याची किंमत पुढे वाढतच जाणार.

बिदर-कलबुर्गीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. पंधरवड्यातली एक लॅब वाचनाला द्या. मुलांच्या जोड्या लावा, चाळीस-पन्नास ओळींचे प्रोग्रॅम अदलाबदल करू द्या. हे कशासाठी आहे, कुठे बिघडेल, अजून सोपं कसं होईल, या तीन प्रश्नांची उत्तरं वाचणाऱ्याने हव्या त्या भाषेत लिहावीत. चूक सापडली म्हणून लिहिणाऱ्याचा गुण कापू नका; चांगलं वाचणाऱ्याला गुण द्या. २०१८ च्या आराखड्यात ४० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे होते आणि अशा गुणांचा वापर कसा करायचा, हे बऱ्याच अंशी शिक्षकांच्या हाती असतं. यासाठी नवी इमारत, नवं यंत्र किंवा विद्यापीठाचा ठराव लागत नाही. मुलाचा पहिला रिव्ह्यू कंपनीत होण्याआधी आपल्या वर्गात व्हायला हवा, आणि तो येत्या सत्रापासून सुरू करता येईल.