परवलीचा शब्द, संगणकीय

संगणक वापरणाऱ्याची ओळख पटविण्यासाठी योजिलेला गुप्त अक्षरसमूह. छावणीच्या पहाऱ्यावरील ही जुनी रीत संगणकात प्रथम मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील ‘सीटीएसएस’ या प्रणालीत, १९६०–७० या दशकाच्या आरंभी आली. तेथे सर्वांचे शब्द एकाच फायलीत उघड्या रूपात असत. १९६६ मध्ये एका गफलतीने ती फाईल प्रत्येकाच्या टर्मिनलवर दैनिक सूचनेच्या जागी छापली गेली.

बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावरील उपाय सांगितला आहे. मूळ शब्द न साठविता, ज्यावरून तो परत काढता येत नाही असे त्याचे गणिती रूपांतर साठवावे. रूपांतरापूर्वी त्यात प्रत्येकासाठी निराळी यादृच्छिक संख्या मिसळावी. हिला ‘सॉल्ट’ (मीठ) म्हणतात. तिच्यामुळे दोघांचा शब्द एकच असला, तरी साठविलेली रूपे भिन्न होतात आणि चोरास प्रत्येकाचा शब्द स्वतंत्रपणे शोधावा लागतो. त्यांनी जमविलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१ सहज हुडकता येण्याजोगे होते.

हा उपाय ठाऊक असूनही २०१२ मध्ये लिंक्डइन या बड्या अमेरिकन कंपनीकडून चोरीस गेलेली सु. ६५ लाख रूपांतरे ‘अळणी’च होती. २०१६ मध्ये याच चोरीतील दहा कोटींहून अधिक सदस्यांची माहिती विक्रीस आली. ‘१२३४५६’ सारखे शब्द निवडणाऱ्या सदस्यांना अशा वेळी बोल लावला जातो. परंतु मीठ घालणे त्यांच्या हाती नव्हते. तोच शब्द इतरत्र वापरणाऱ्यांची तेथील खातीही धोक्यात आली.