अंकपाश आणि रेणूची घडी

बोईसर स्टेशनावर उतरून तारापूरकडे निघालें म्हणजे कारखान्यांची वस्ती मागें पडते आणि समुद्राच्या कांठीं अणुविद्युत्केंद्र लागतें. १९६९ सालीं तें सुरू झालें. तेव्हांपासून या भागांतील पुष्कळ मुलांच्या कानांवर ‘न्यूट्रॉन’ हा शब्द शाळेच्या पुस्तकापूर्वीं घरींच पडत आला आहे. पालघरास मी गणित शिकवितों. अशाच एका घरांतील विद्यार्थिनीनें मागें मला विचारलें, “सर, तारापूरचें गणित जीवशास्त्रांत कोठें उपयोगीं पडतें का?” प्रश्न मला बाळबोध वाटला, म्हणून मीं तो हंसून टाळला, आणि नंतर आठवडाभर तोच माझ्या मागें लागला. त्याचें जें उत्तर मला सांपडलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आर्. एन्. ए. हा रेणु म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब माळ. ए, यू, जी आणि सी हीं तीं अक्षरें. ए चें यू शीं जमतें आणि जी चें सी शीं. जी आणि यू यांचेंहि जमतें, पण तो संसार जरा कच्चा. डी. एन्. ए. ला बहुधा जोडीदार माळ असते, आर्. एन्. ए. सहसा एकटा असतो, म्हणून तो स्वतःवरच वळून स्वतःशींच जोड्या जुळवितो. आमच्याकडील वारल्यांचा तारपा-नाच ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना ही क्रिया निराळी समजावून सांगावयास नको. पुढचा नाचणारा वळण घेतो आणि एकच साखळी स्वतःच्या शेजारून उलट धांवूं लागते. समोरासमोर आलेल्यांनीं हात धरले कीं झाली घडी. रेणूचें कार्य या घडीवर अवलंबून असतें. अक्षरें तींच राहून घडी बिघडली, तर रेणु निकामी होऊं शकतो.

१९६५ सालीं रॉबर्ट हॉली यांनीं यीस्टमधील अशा एका लहान रेणूचीं ७७ अक्षरें क्रमानें वाचून दाखविलीं. एक ग्रॅम शुद्ध द्रव्य मिळविण्यासाठीं त्यांना सुमारें १४० किलो यीस्ट खर्चीं घालावें लागलें. अक्षरें हातीं आलीं, परंतु घडी कोणती? त्यांच्या सहकारी एलिझाबेथ केलर आणि जॉन पेन्सविक यांनीं जोड्या जुळवून पाहिल्या, तेव्हां एक देंठ आणि तीन पानें अशी आकृति निघाली. पाश्चात्त्यांनीं तिला क्लोव्हर या गवताच्या पानाचें नांव दिलें. आपण तिला खुशाल बेलाचें पान म्हणावें. १९७४ सालीं स्फटिकांवरून या जातीच्या रेणूचें खरें रूप दिसलें, तेव्हां हें बेलाचें पानहि पुन्हां दुमडून इंग्रजी एल् अक्षरासारखें झालेलें आढळलें.

सत्त्याहत्तर अक्षरांची घडी बुद्धीनें आणि थोड्या नशिबानें सांपडली. माळ हजार अक्षरांची असेल तर काय करावें? येथें लॉस अलामॉसचा संबंध येतो. अमेरिकेंतील या अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळेंतील स्टानिस्लाव्ह उलाम या पोलिश गणितज्ञाला १९४६ सालीं आजारपणांत पत्त्यांचा डाव लावतां लावतां एक युक्ति सुचली. डाव सुटण्याचा संभव गणितानें काढीत बसण्यापेक्षां शंभर डाव मांडावे आणि किती सुटतात तें मोजावें! जॉन फॉन नॉयमन यांनीं तीच युक्ति न्यूट्रॉनच्या भटकंतीला लावली. ‘मोंटे कार्लो’ या नांवानें ती अणुभट्टीच्या हिशोबांत आजहि वापरतात. याच प्रयोगशाळेंत १९७४ च्या उन्हाळ्यांत मायकेल वॉटरमन हा तरुण गणितज्ञ आला आणि टेंपल स्मिथ यांच्याबरोबर एका खोलींत बसून रेणूंच्या अक्षरमाळांचा विचार करूं लागला. पुढें उलाम यांचे जुने सहकारी पॉल स्टाइन यांच्यासह त्यानें एक साधाच प्रश्न घेतला: अमुक अक्षरांच्या माळेच्या एकंदर घड्या किती?

रसायनशास्त्र क्षणभर बाजूस ठेवून कोणतेंहि अक्षर कोणाशींहि जुळतें असें माना. अट एवढीच कीं शेजारशेजारच्या अक्षरांची जोडी होऊं नये आणि जोड्यांच्या रेषा एकमेकींना छेदूं नयेत. आतां शेवटच्या अक्षराकडे पाहा. तें एक तर सुटें असेल, किंवा मागच्या कोणा अक्षराशीं जुळलेलें असेल. सुटें असेल तर उरलेल्या माळेचा प्रश्न पूर्वींच सुटलेला आहे. जुळलेलें असेल तर माळेचे दोन तुकडे पडतात, एक जोडीच्या आंतील आणि एक अलीकडील. त्या दोहोंच्या घड्यांचा गुणाकार करावयाचा. या रीतीनें तीन अक्षरांच्या २, चारांच्या ४, पांचांच्या ८, सहांच्या १७ आणि दहांच्या ४२३ घड्या होतात. सत्त्याहत्तर अक्षरांसाठीं हा आंकडा सुमारें तीस अंकी होतो.

“शेवटच्याकडे पाहा” ही विचारसरणी मराठी वाचकाला परकी वाटूं नये. मात्रावृत्तांत लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. अमुक मात्रांचे चरण किती प्रकारांनीं होतील? शेवटीं लघु असेल तर एक मात्रा वजा करा, गुरु असेल तर दोन. दोन्ही उत्तरांची बेरीज करा. १, २, ३, ५, ८, १३ ही ती श्रेणी. छंदःशास्त्रकार विरहांक आणि पुढें बाराव्या शतकांत हेमचंद्र यांनीं ती सांगितली. त्याच शतकांत, ११५० सालीं, भास्कराचार्यांनीं लीलावतीच्या शेवटच्या प्रकरणांत अंकांच्या मांडण्या मोजल्या आणि त्या प्रकरणाला ‘अंकपाश’ असें सुंदर नांव दिलें. चाळीसगांवजवळील पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं १२०७ सालीं मठाला दान दिल्याचा शिलालेख आहे.

आतां या कथेंतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतों. मात्रांच्या श्रेणींत प्रत्येक संख्या मागचीच्या सुमारें १·६१८ पट होत जाते. स्टाइन आणि वॉटरमन यांनीं घड्यांच्या वाढीचें प्रमाण काढलें, तें २·६१८ आलें, म्हणजे बरोबर १·६१८ चा वर्ग! हा योगायोग नव्हे; दोन्ही श्रेणींच्या मुळाशीं असलेल्या समीकरणांचें तें नातें आहे. मात्र हेमचंद्राला आर्. एन्. ए. ठाऊक होता असें जर कोणी यावरून म्हणूं लागेल, तर त्यानें हेमचंद्राचा अपमानच केला असें मी समजेन. त्यानें काव्याचे चरण मोजले आणि अचूक मोजले, एवढें श्रेय पुरेसें नाहीं काय?

घड्या मोजणें निराळें आणि त्यांतून योग्य ती निवडणें निराळें. इग्नेशियो टिनोको आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं जोड्यांना गुण देण्याची रीत मांडली होती. १९७८ सालीं रूथ नुसिनॉव्ह आणि त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, तीस अंकी ढिगारा उपसण्याची गरजच नाहीं. प्रत्येक लहान तुकड्याचें उत्तम उत्तर एकदां काढून कोष्टकांत लिहून ठेवावें, आणि मोठ्या तुकड्याला तें पुरवावें. माळ दुप्पट झाली तर काम आठपट होतें. भारी खरें, पण संगणकाला झेपणारें. १९८१ सालीं मायकेल झुकर आणि पॅट्रिक स्टीग्लर यांनीं जोड्यांच्या संख्येऐवजीं ऊर्जा हिशोबांत घेतली, आणि ही पद्धति प्रयोगशाळांत नित्याची झाली. १९९० सालीं जॉन मॅकॅस्किल यांनीं एकाच घडीवर न थांबतां प्रत्येक जोडीचा संभव किती तें काढलें. मला ही भूमिका अधिक प्रामाणिक वाटते, कारण रेणु कांहीं एकाच घडीला जन्मभर चिकटून बसत नाहीं.

हें सगळें वाचतांना गणिताचा शिक्षक म्हणून माझी छाती फुगली होती, हें कबूल करतों. ती खालीं आणली ती हॅरी नोलर आणि कार्ल वूज यांच्या कामानें. त्यांनीं ऊर्जेचा हिशोब दूर ठेवून निरनिराळ्या जीवांतील एकच रेणु शेजारीं शेजारीं मांडला. एका ठिकाणीं अक्षर बदललें असतां दुसऱ्या ठिकाणींहि त्याला जुळेल असाच बदल झालेला दिसला, तर ती जोडी खरी मानावयाची. २००० सालीं रायबोसोमचे स्फटिक-नकाशे प्रसिद्ध झाले, तेव्हां या तुलनेनें सांगितलेल्या जोड्यांपैकीं शेंकडा ९७ हून अधिक बरोबर ठरल्या. लांब माळांच्या बाबतींत निव्वळ ऊर्जेच्या हिशोबाला असें यश लाभलेलें नाहीं.

दुसरी अडचण त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या अटींत दडलेली होती. रेषा एकमेकींना छेदूं नयेत, असें आपण सोयीसाठीं मानलें. नाचांतील एका वळणाच्या पोटांतून कोणी बाहेरच्याला हात दिला तर? अशी गांठ पडली कीं माळेचे स्वच्छ दोन तुकडे पडत नाहींत, आणि आपलें कोष्टक कोलमडतें. १९९९ सालीं एलेना रिव्हास आणि शॉन एडी यांनीं कांहीं जातींच्या गांठींसाठीं रीत काढली. तींत माळ दुप्पट झाली तर काम चौसष्टपट. सर्व प्रकारच्या गांठींसह उत्तम घडी काढणें हा प्रश्न असाध्यप्राय कोटींतला आहे, असें २००० सालीं सिद्ध झालें.

निसर्ग मात्र गांठी टाळीत नाहीं. २०२० सालीं ज्या विषाणूनें आमचीं महाविद्यालयें बंद पाडलीं, आणि जो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें त्याच वर्षीं प्रयोगशाळेंत वाढविला, त्याची माळ सुमारें तीस हजार अक्षरांची आहे. तिच्यांत एका मोक्याच्या जागीं अशीच एक गांठ आहे. माळ वाचीत जाणारा रायबोसोम तेथें अडखळतो, कधीं कधीं एक अक्षर मागें घसरतो, आणि त्या घसरण्यामुळेंच विषाणूला आपली नक्कल करणारीं प्रथिनें मिळतात. आम्हीं हिशोबाच्या सोयीसाठीं जी गोष्ट वगळली, तिच्यावरच त्याचा संसार चालतो!

त्या विद्यार्थिनीला मीं हें सारें सांगितलें आणि दहा अक्षरांच्या घड्या काढून आणावयास दिल्या. चौथ्या दिवशीं ती वही घेऊन आली. ४२३ आकृत्या नीट अनुक्रमांक घालून काढलेल्या होत्या. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यांत मात्र अनुक्रमांक नसलेली आणखी एक होती. तींत दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. “सर, ही कोठें धरूं?” तिनें विचारलें.