तळणीचा छोटा कॅमेरा

महाराष्ट्रातल्या सूर्यग्रहणांचा इतिहास म्हटले की कुणीही आधी विजयदुर्गचे नाव घेतो. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि दर 18 ऑगस्टला कुठे ना कुठे छापून येते, की 1868 साली नॉर्मन लॉकियरने इथेच दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लागला. लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हता. 18 ऑगस्ट 1868चे खग्रास ग्रहण गुंटूरहून टिपले ते जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने. लॉकियरला सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातली पिवळी रेषा दिसली ती त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला, इंग्लंडात, तेही ग्रहण नसताना. विजयदुर्गला तो आला 30 वर्षांनी, 22 जानेवारी 1898च्या ग्रहणासाठी. तेव्हा ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. ओट्यांची गोष्ट सांगायचीच, तर ती या सालची सांगायला हवी.

भंडाऱ्यात बसून मला या चुकीचे एवढे का वाटावे? कारण 1898चे ग्रहण एकट्या कोकणाचे नव्हते. सावली विजयदुर्गजवळ किनाऱ्याला लागली आणि करमाळ्याकडचे जेऊर, वऱ्हाड, वर्धा, नागपूर असे करत शहडोल-बक्सरकडे निघून गेली. जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेलही. पुलगावला केंब्रिजचा न्यूऑल, तर नागपूरजवळच्या घोगलीला स्कॉटलंडचा राजखगोलज्ञ राल्फ कोपलंड. धामणगाव आणि पुलगाव यांच्यामधल्या तळणी स्टेशनजवळ ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींचा तळ पडला. ही संस्था प्रामुख्याने हौशी निरीक्षकांची. शनिवारची पौष अमावास्या होती. एका दुपारी विदर्भात इतके कॅमेरे आकाशाकडे लागले होते, हे आपल्याकडच्या किती जणांना ठाऊक आहे?

तळणीच्या तळावर अ‍ॅनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणक म्हणून लागल्या, पगार महिना 4 पौंड. रोज घेतलेल्या सूर्याच्या छायाचित्रांवरचे डाग मोजायचे, हे काम. 1895 साली तिथल्याच एडवर्ड वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न झाले आणि नियमानुसार नोकरी सोडावी लागली. तळणीला त्यांच्याकडे गर्टन कॉलेजच्या अनुदानातून घेतलेला छोटा कॅमेरा होता. भिंगाचा व्यास दीड इंच, नाभीय अंतर 9 इंच. त्याने सूर्याचे बिंब उमटते जेमतेम 2 मिलिमीटरचे. तिकडे जेऊरला कॅम्बेलचा कॅमेरा 40 फूट लांब, भिंग 5 इंचांचे, आणि बिंब 11 सेंटिमीटरचे.

एरवी या दोहोंची तुलनासुद्धा कुणी केली नसती. पण प्रभामंडळाचे बाहेरचे धागे अतिशय पुसट असतात आणि पसरट पुसट वस्तू टिपायची तर भिंगाचा आकार नव्हे, व्यास आणि नाभीय अंतर यांचे गुणोत्तर कामाला येते. माँडरबाईंचे गुणोत्तर एकास 6, कॅम्बेलचे एकास 96. म्हणजे काचेवर दर चौरस मिलिमीटरला छोट्या कॅमेऱ्यात 256 पट उजेड. शिवाय आकाशाचा विस्तीर्ण तुकडा एका काचेत मावतो. प्रभामंडळाच्या आतल्या भागातले बारकावे हवे असतील तर मात्र कॅम्बेलचाच कॅमेरा हवा. तळणीच्या काचेवर सूर्यापासून सुमारे 60 लाख मैल लांब गेलेला एक झोत उमटला. तोवर एवढा लांब झोत कुणाच्याच छायाचित्रात आला नव्हता. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने बाईंना सदस्यत्व दिले ते 1916 साली, स्त्रियांना दार उघडल्यावर.

आणि भंडारा? ग्रहणाची मध्यरेषा आमच्या वायव्येकडून गेली. शहर खग्रास पट्ट्याच्या काठाजवळ. काठ शास्त्रज्ञांच्या कामाचा नव्हता. सूर्य शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी तेवढाच भाग संपूर्ण प्रभामंडळापेक्षा दहा हजार पटींच्या आसपास तेजस्वी असतो. त्या लखलखाटात प्रभामंडळ दिसत नाही. खंडग्रासाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होते त्याचे कारण हे.

मला ते पटत असले तरी पुरते मान्य नाही. 25 ऑक्टोबर 2022ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य ग्रहणातच मावळला; पंचांगाच्या भाषेत ग्रस्तास्त. पाडवा एक दिवस पुढे गेला होता. मी कारध्याला वैनगंगेच्या काठी 400 मिलिमीटरच्या लेन्सवर गाळणी चढवून उभा होतो. या गाळणीतून लाखातला एक भाग उजेड आत येतो. बिंब पावणेचार मिलिमीटरचे, तळणीच्या दुपटीहून थोडे कमी. सूर्य खाली जाईल तसा हवेचा थर वाढतो, म्हणून दर काही मिनिटांनी उघडीप वाढवावी लागते. शेवटी शेवटी तर गाळणीतून काहीच येईना. पण प्रत्येक चित्राची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असेल, तर चंद्राने खाल्लेल्या भागाच्या दोन टोकांमधले अंतर मोजता येते आणि त्यावरून त्या क्षणी दोन्ही बिंबांचे मध्य एकमेकांपासून किती दूर होते ते काढता येते. मग ते गणिताशी ताडून पाहायचे. यात नवा शोध काही नाही. पण माँडरबाई ग्रिनिचला रोज करत ते मोजमाप याच जातीचे होते: एक चित्र, एक वेळ, एक पट्टी.

विजयदुर्गचा किल्ला दगडी, म्हणून साहेबाची खूण तिथे टिकली. तळणीचा तळ तात्पुरता होता, काम आटोपताच उठला. नागपूरहून बडनेऱ्याकडे जाताना वर्धा नदी ओलांडली की ते स्टेशन येते. तिथे 22 जानेवारी 1898 एवढी तारीख आणि अ‍ॅनी माँडर हे नाव लिहिलेली पाटी लावायला फारसा खर्च येणार नाही, आणि विजयदुर्गच्या गोष्टीतले साल बदलायला तर काहीच नाही.